तात्या, बांधावरचे कॅरेट माझे होते

तात्या, तुमच्या मयताला नाना आले होते. रस्त्याच्या पलीकडं, ते चालवतात त्या बसच्या दाराला हात लावून उभे होते. अंगात ड्युटीचा निळा शर्ट तसाच, म्हणजे फेरी अर्ध्यात सोडून आले असणार. तुमचा पाठचा सख्खा भाऊ, आणि रस्ता ओलांडायची सोय नाही. तुम्हाला उचललं तेव्हा त्यांनी टोपी काढली, चार पावलं पुढं आले. किरणदादानं नुसतं त्यांच्याकडं बघितलं. नाना होते तिथंच थांबले.

किरणदादा तुमचाच मुलगा, दुसरं काय करणार. चैत्रात तुम्ही भर चौकात नानांना म्हणाला होतात, "माझ्या मयताला बी यिऊ नगंस." पोरानं तो शब्द पाळला. माणसं एकमेकांत म्हणत होती, बापाचा शब्द राखला बरं का. मी बायकांत उभी राहून ते ऐकत होते. ज्या गोष्टीवरून तुम्ही तो शब्द टाकलात, ती नानांनी केलीच नव्हती. ती मी केली होती. आणि एवढ्या गर्दीत हे मला एकटीलाच ठाऊक आहे, असं मी तेव्हा समजत होते.

तुम्ही होतात तेव्हा सांगितलं नाही. चार महिने होते माझ्याकडं. आता लिहून काय उपयोग, असं विलास म्हणतो. नवरा माझा, तुम्ही ज्याला घुम्या म्हणायचात, तो हल्ली बोलायला लागलाय. उपयोग नसेलही. पण तुमच्याशी बांधावर उभं राहून भांडायची सवय लागलीय, ती अशी चार दिवसांत कशी सुटेल.

आम्ही परभणीकडचे. विलास चिखलीत एका वर्कशॉपला, मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. तुमच्या चाळीतल्या बारा खोल्यांपैकी सातवी आमची. सगळे भाडेकरू तुम्हाला मालक म्हणायचे, पहिलं वर्षभर मीही तेच म्हणत होते. मग एकदा तुम्ही माझ्या दारात जुन्या बादलीत लावलेली मेथी बघितलीत आणि विचारलंत, "शेत हाय का गावाकडं?" मी म्हटलं, होतं, आता दीर करतात. दुसऱ्या दिवशी मला नदीकडच्या रानात नेलंत आणि बांधाच्या अलीकडचे दहा गुंठे दाखवलेत. "पडून ऱ्हातंय. कर काय करायचं ते. भाजी आली की घरात टाक, बास." कंपन्यांना जमीन जाऊन तुमच्याकडं उरली होती तीन एकर. त्यातले दहा गुंठे परक्या मुलखातल्या बाईला कुणी देतं का? तुमच्या घरी काकू म्हणाल्या होत्या, येडं झालंय हे माणूस. मला त्या दिवशी रानात उभ्या उभ्या रडू आलं आणि तुम्ही घाबरून म्हणालात, "नको आसंल तर ऱ्हाऊ दे."

तुमच्या तोंडी माझं नाव इन्स्पेक्टरीणबाई. कंपनीत माझं काम तपासणीचं. पट्ट्यावरून पार्ट येतात, मी बघते, चांगला पुढं जातो, खराब असेल तो लाल बिनमध्ये. आठ तास नुसतं बघायचं. केसाएवढी चीर मला हातभर लांबून दिसते. तुम्हाला त्याचं कोण कौतुक. नर्सरीतून रोपांचे ट्रे आणले की आधी माझ्या दारात आणून ठेवायचात. "बघ गं, पास का नापास?" पाव्हण्यांना सांगायचात, "आमची मंगल नुसत्या नजरंनं रोग वळखती." असं कौतुक मला माहेरी नाही मिळालं, सासरचं तर सोडाच.

ह्या उन्हाळ्याला तुम्ही एकरभर टोमॅटो लावलात आणि मी माझ्या दहा गुंठ्यांत. मधे फक्त बांध. तुमच्या रानाच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्याकडं, नानांचं रान. त्यांचा टोमॅटो आधीचा, तोडे संपलेला, झाडं वाळत उभी. बसच्या फेऱ्यांतून त्यांना ती काढायला सवड होत नव्हती. तुम्ही दोनदा सांगितलं होतंत, "नाना, काढ ते, तिथनं कीड येती." नाना म्हणायचे, "ह्या रविवारी काढतो." असे चार रविवार गेले.

लागवडीला महिना झाला आणि पहिलं झाड मला दिसलं, माझ्याच रानात. शेंड्याची पानं वर वळून वाटीसारखी झालेली, कडा पिवळ्या. शेजारची झाडं गुडघ्याला लागत होती, हे वीतभर मागं. पान उलटं केलं तर खाली पांढऱ्या माश्या, तिळाहून बारीक. हात लागला तशा भुर्रकन उठल्या आणि पुढच्या झाडावर जाऊन बसल्या. पहिली माशी कुठून आली ते आजही कुणाला सांगता येत नाही. मी तुम्हाला हाक मारली.

"बोकड्या रोग हाय," तुम्ही म्हणालात. चेहरा उतरला होता. मग लगेच कंबरेवर हात. "फवारू. दोन फवाऱ्यांत साफ हुतंय."

"मी उपटून टाकते," मी म्हटलं.

"कशापायी? जितं झाड हाय. फूल धरलंय त्यानं."

मला सात वर्षं एवढंच शिकवलंय, खराब दिसला की बाजूला काढायचा, पुढं जाऊ द्यायचा नाही. तुम्हाला पन्नास वर्षं शिकवलं होतं की हातानं लावलेलं हातानं उपटायचं नसतं. अर्धा तास भांडलो आपण. शेवटी तुम्ही वैतागून म्हणालात, "तुझ्या कंपनीत लोखंड आसतंय. हे लोखंड न्हाई." मी म्हटलं, "म्हणूनच सांगते. लोखंडाची चीर शेजारच्या पार्टला लागत नाही." किती शहाणी होते बघा. तोंडानं बरोबर तेच बोलले आणि हातानं विसरले.

त्याच आठवड्यात कृषी सहायक मॅडम आल्या. मारुतीच्या देवळासमोर बैठक बसली, तुम्ही मला मुद्दाम पुढं बसवलंत. मॅडमनी नीट समजावलं. हा रोग विषाणूचा आहे, त्याला औषध नाही, एकदा लागला की झाड बरं होत नाही. माशी आजारी झाडाचा रस पिते, विषाणू तिच्या पोटात जातो, आणि मग ती मरेपर्यंत जिथं तोंड खुपसेल तिथं तो देत जाते. तिला स्वतःला काहीच होत नाही. तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "म्हंजी आमच्या नानाच्या बशीवाणी. हितं चढवायचं, तितं उतरवायचं, बशीला काय त्याचं?" सगळे हसले, शेजारी बसलेले नाना तर खोकला लागेपर्यंत हसले. मॅडम म्हणाल्या, फवारून माशी मरते, पण मरायच्या आधी तिनं तोंड खुपसलेलं असतं, म्हणून रोगट झाड दिसलं की आधी उपटा. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही तोंड फिरवलंत. मला अस्सं बरं वाटलं म्हणून सांगू.

माझी तेव्हा सेकंड शिफ्ट होती. चौकात कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला आणि मी उठले. मॅडम अजून बोलतच होत्या. "पण उपटताना एक काळजी घ्यायची," एवढं कानावर पडलं. बाकीचं मी ऐकलं नाही. तुम्हाला नंतर विचारता आलं असतं, तुम्ही शेवटपर्यंत बसला होतात. पण जिंकलेल्या माणसानं हरलेल्याला काय विचारायचं. आणि तुम्ही तरी उपटणार नव्हतात, तुम्ही कशाला लक्ष दिलं असणार.

पुढच्या आठवड्यात मी फर्स्ट शिफ्टला आले आणि तुम्ही व काकू तीन दिवस निगडीला लेकीकडं गेलात, नातवाचं जावळ होतं. त्या तीन दिवसांत मी चौतीस झाडं उपटली.

पहाटे साडेपाचला बस, म्हणजे सकाळ माझी नव्हतीच. सुटले की चारच्या सुमाराला थेट रानात. ऊन चटके देत असायचं. झाडाला हात लागला की माश्या उठायच्या, पिठाची चाळणी झटकावी तशा. मी ओढणी नाकाला बांधायची, झाड धरायचं, ओढायचं, मुळाची माती झटकायची आणि कॅरेटमध्ये टाकायचं. टोमॅटो भरायचे आपले लाल प्लॅस्टिकचे कॅरेट, ते तीन भरले. भरलेले कॅरेट मी बांधावर तुमच्या अंगाला ठेवले, तिथं जागा सपाट होती.

का ठेवले ते ऐका. कंपनीत खराब माल परस्पर टाकता येत नाही. लाल बिनमध्ये ठेवायचा, सुपरवायझर येऊन बघतो, सही करतो, मगच तो भंगारात जातो. न दाखवता टाकला तर मेमो हातात. माझ्या ते अंगात भिनलंय. रान तुमचं, झाडं तुमच्या शब्दाबाहेर जाऊन उपटलेली. मला वाटलं, तुम्ही याल, एकेक झाड हातात घेऊन बघाल आणि म्हणाल, व्हय गं, खराबच हुतं. तुमच्या सहीसाठी मी ते तीन दिवस उन्हात उघडे ठेवले, तात्या. लोखंड असतं तर तीन वर्षं तसंच पडून राहिलं असतं.

तुम्ही आलात, कॅरेटपाशी उकिडवे बसलात. झाडं सुकून सुतळी झाली होती. "एवढी?" म्हणालात, दुसरं काही नाही. मग आपल्या हातानं नेऊन खड्ड्यात रिकामे केलेत. मला हायसं वाटलं. त्या सुकलेल्या पानांवर तेव्हा एकही माशी नव्हती. मी ते बघितलं होतं आणि मला ते चांगलं लक्षण वाटलं होतं. ही तुमची नजरंनं रोग वळखणारी.

वीसेक दिवसांनी तुमच्या रानात पानं वळायला लागली. कुठून सुरुवात झाली ते मला आधी दिसलं, कारण माझी वाटच बांधावरून. कॅरेट ठेवले होते त्या जागेसमोरच्या तीन सऱ्या. बरोबर तेवढ्याच. मी सरीसरीनं चालत पार नानांच्या हद्दीपर्यंत गेले. तिकडं सगळं हिरवंगार, एक पान वळलेलं नाही. परत आले, पुन्हा गेले. काहीतरी माझ्याच हातून झालंय असं वाटत होतं, पण काय ते अजून मला धड कळलं नव्हतं.

ते मॅडमनी सांगितलं. रस्त्यानं स्कूटीवर चालल्या होत्या, मी हात करून थांबवलं. म्हटलं, मॅडम, उपटलेली झाडं बांधावर ठेवली तर चालतात ना?

"उघडी? उन्हात?" त्या म्हणाल्या. "अहो, बैठकीत सांगितलं होतं की. पहाटे उपटायचं, गारव्याला माशी सुस्त असते. आधी झाडावर पिशवी घालायची, तोंड बांधायचं, आणि लगेच लांब नेऊन पुरायचं. उघडं ठेवलं की झाड सुकणार, सुकलं की माशी उठणार. तिच्यापुढचं ताट तुम्ही उचललंत, ती शेजारच्या पंगतीला जाऊन बसणार." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "का? ठेवलीत का कुणी?"

"नाही," मी म्हटलं, "असंच विचारलं."

हे पहिलं खोटं. त्यानंतर खोटं बोलायची गरज पडली नाही, नुसतं गप्प बसून भागलं.

तुम्हाला दिसलं तोवर आठवडा उलटला होता. गुडघा दुखतो म्हणून तुम्ही रस्त्याकडूनच रानात उतरायचात, नानांच्या अंगानं. तोवर रोग आरपार गेला होता. तुम्ही मान वर केलीत, तर समोर नानांची वाळकी झाडं. झालं. तुम्ही तिथून जे निघालात ते थेट चौकात.

नाना बस लावून चहा पीत होते. मी डबा घेऊन माझ्या बसची वाट बघत होते, तुमच्यापासून चार हातांवर. तुम्ही त्यांच्या हाताला हिसडा दिलात, चहा शर्टावर सांडला. "तुझ्या रानातनं आलं. दोनदा सांगितलं तुला, काढ म्हणून."

नाना शर्ट झटकत म्हणाले, "तात्या, काढाय पायजे हुतं, माझं चुकलं. पर हे माझ्यातनं आलेलं न्हाई. माझ्यातनं आलं आसतं तर आदी माझ्याकडच्या सऱ्या गेल्या आसत्या. चल, बगू. आत्ता चल. कुठनं सुरू झालंय ते झाडंच सांगत्यात."

"मला शिकवतो?"

"शिकवत न्हाई. चल तरी."

रान तिथून दोन मिनिटांवर होतं, तात्या. मी अजून इथंच अडते. तुम्ही नानांबरोबर गेला असतात तर तुम्हाला दिसलं असतं. तुमची नजर काय माझ्याहून कमी होती? सरी बघून पाणी कुठं मुरतं ते सांगणारे तुम्ही. पण तुम्ही पाऊल उचललं नाहीत. आपलं चुकीचं निघालं तर, ह्या भीतीनं उचललं नाहीत, मी तुम्हाला ओळखते. ह्याचा मला राग आहे. तुम्ही आता नाही म्हणून तो कमी होईल असं वाटलं होतं, झाला नाही. माझी चूक माझ्या पदरात, पण ही तुमची.

मग तुम्ही ते मयताचं बोललात. नानांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मी डब्याकडं बघितलं. बस आली, मी चढून बसले.

का गप्प बसले, हे तुम्ही विचारणारच. भ्याले. खोली जाईल, दहा गुंठे जातील, पोरीची शाळा जवळ आहे ती लांब पडेल. हे एक कारण. दुसरं ह्याच्याहून वाईट आहे.

भांडणाला दोन दिवस झाले असतील. तुम्ही माझ्या दारात आलात, आत बोलावलं तरी आला नाहीत. चौकटीला धरून म्हणालात, "मंगल, तुझं खरं हुतं. म्याबी पहिल्या दिवशी उपटाय पायजे हुतं. तुझं रान बघ, ऱ्हायलं. माझं गेलं." तुम्ही कधी कुणापुढं हरल्याचं मी ऐकलं नव्हतं, काकूंनीही नाही. आणि मी ते घेतलं, तात्या. मान डोलावली. होतं असं, म्हटलं. माझं रान राहिलं कारण माझ्या माश्या मी तुमच्याकडं लावून दिल्या होत्या, हे अगदी ओठांवर होतं, आणि मी तुम्हाला चहात साखर किती घालू ते विचारलं. तुमच्या तोंडून पास झाले होते ना मी. ते सोडवलं नाही.

नंतर किती वेळा ठरवलं. आषाढात एकदा तर अगदी जवळ आले होते. तुम्ही ओसरीवर एकटेच बसला होतात, मी पालेभाजी द्यायला आले. रस्त्यावरून नानांची बस गेली. तुम्ही ती वळणापर्यंत बघत राहिलात आणि म्हणालात, "चार पावलं चालून याला यायला काय हुतंय?"

मी म्हटलं, "तुम्हीच तर नको म्हणालात."

"मी काय बी बोलंन. त्यानं ते ऐकायचं आसतंय व्हय?"

तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही आहे त्या पायी उठून नानांच्या दारात गेला असतात. मला खात्री आहे. मी भाजीची जुडी तुमच्या शेजारी ठेवली आणि म्हटलं, कोवळी आहे, आजच करायला सांगा. पंधरा दिवसांनी, श्रावणातल्या सोमवारी सकाळी, तुम्ही गोठ्यापाशी खाली बसलात ते उठलाच नाहीत. मला कंपनीत, पट्ट्यावर उभी असताना कळलं. हातात पार्ट होता, तो चांगला की खराब मला सांगता येईना.

नवव्या दिवशी सकाळी तुमच्या ओसरीवर भावकी बसली होती. दुसऱ्या दिवशी घाटावर कोण कोण डोकं भादरणार, कोण कशाला लागणार, ते चाललं होतं. मी काकूंच्या हाताखाली चहाचं बघत होते. एक म्हातारबाबा म्हणाले, "नानाचं काय? पाठचा भाऊ हाय, त्येचा हक्क हाय."

किरणदादा म्हणाला, "तात्यांचा शब्द हाय. त्यो विषय बंद."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तो खाली ठेवला. सगळ्यांनी वर बघितलं. भाडेकरू बाई, भावकीच्या बैठकीत, काय बोलणार असेल, असं त्यांच्या तोंडावर होतं.

"किरणदादा," मी म्हटलं, "रोग नानांच्या रानातून नाही आला. माझ्या बांधावरून आला."

कंपनीत चूक झाली की काय झालं, कधी झालं, कुणी केलं, हे ओळीनं सांगावं लागतं. तसंच सांगितलं. चौतीस झाडं, दुपारची वेळ, तीन कॅरेट, तीन दिवस, पहिल्या तीन सऱ्या, मॅडम काय म्हणाल्या. बोलून झालं तेव्हा चहावर साय धरली होती.

"चार म्हैने कुठं हुतीस?" किरणदादानं विचारलं.

"इथंच."

"मग?"

"भ्याले."

"माझा बाप ह्याच घोरात गेला," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. हे खरं आहे की नाही मला ठाऊक नाही, तात्या, तुम्हालाच ठाऊक. पण एक गोष्ट अजून माझ्याकडं होती आणि ती ठेवून घेतली असती तर मी माणसात राहिले नसते. म्हटलं, "शब्द पाळायचा तर शेवटचा पाळा. आषाढात इथंच बसून तात्या मला म्हणाले, मी काय बी बोलंन, त्यानं ते ऐकायचं आसतंय व्हय."

आतून काकू उंबऱ्यापर्यंत आल्या. नऊ दिवसांत पहिल्यांदा बाहेर आल्या. "आसं म्हणले?"

"हो, काकू."

"म्हणलंच आसंल," काकू म्हणाल्या. हसू आणि रडू एकदमच आलं त्यांना. "मला बी तसंच. जा म्हणायचे, आन खरंच गेलं की रुसून बसायचे." मग डोळे पुसून किरणदादाला म्हणाल्या, "ऊठ. चुलत्याला घिऊन ये."

तो बसूनच होता. मला वाटलं, उठत नाही आता. मग त्यानं पायात चप्पल सरकवली आणि कुणाकडं न बघता रस्त्याला लागला.

काल दहाव्याला नाना इंद्रायणीच्या घाटावर किरणदादाच्या शेजारी वस्तऱ्याखाली बसले. दोघं खांद्याला खांदा लागून बसले होते. केस पडत होते आणि नाना एकटक पाण्याकडं बघत होते. मला किरणदादा दहा गुंठ्यांचं किंवा खोलीचं अजून काही बोललेला नाही, मीही विचारलेलं नाही. काय बोलेल ते त्याचं बरोबर असेल.

परतताना नाना मागं राहिले, मी थांबले. म्हटलं, "नाना, मला माफ करा. तुमच्यावर आलेलं ते माझं होतं."

"मला ठावं हुतं," ते म्हणाले.

मला वाटलं, आदल्या दिवशी किरणदादानं सांगितलं त्याबद्दल म्हणतात. पण ते चालत राहिले आणि म्हणाले, "बस वळवताना उंचावरनं दिसतंय समदं. तीन दिस तुझे कॅरेट दिसत हुते बांधावर. रोग कुठनं निघाला ते बी म्या जाऊन बगून आलतो."

"मग चौकात बोलला का नाहीत? एवढं सगळं ऐकून घेतलंत."

"म्या बोललो आसतो तर ती चुगली झाली आसती. तुला खोलीतनं काढलं आसतं आन मला खोटा म्हणले आसते." भादरलेल्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला, सवय नसल्यासारखा. "म्हणलं, पोरगी खरी हाय. आज सांगंल, उद्या सांगंल. चार म्हैने तुझी वाट बगितली बग."

रागानं नाही म्हणाले. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं म्हणाले आणि पुढं गेले.

तुम्ही ओसरीवर बसून नानांची वाट बघत होतात. नाना बसमध्ये बसून माझी वाट बघत होते. आणि मी रोज त्याच रस्त्यानं डबा घेऊन कामाला जात होते. आता भावकीला सांगून झालं, काकूंना सांगून झालं, नानांना सांगायची गरजच नव्हती. तुम्हालाच तेवढं सांगायचं राहिलं, तात्या.